हायफायमधली खोड कुठली आणि बिघाड कुठला

अ‍ॅम्प्लिफायर चालू होतोय, दिवा लागतोय, पण आवाज नाही. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पुढच्या पॅनेलवरचं 'टेप मॉनिटर'चं बटण बघा. ते दाबलेलं असलं की अ‍ॅम्प आत आलेला आवाज मागच्या टेपच्या सॉकेटांकडे पाठवतो आणि तिथून तो परत येण्याची वाट बघत बसतो. टेप डेक जोडलेलाच नसेल, तर परत काय येणार? तीन हेडच्या डेकवर रेकॉर्डिंग चालू असतानाच ते ऐकता यावं म्हणून केलेली ही सोय. डेक गेले, बटण राहिलं.

तिचीच बहीण म्हणजे मागच्या बाजूला 'प्री आउट' (आवाज ठरवणाऱ्या भागातून बाहेर) आणि 'मेन इन' (ताकद देणाऱ्या भागात आत) यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पिना. त्यांच्यावर गंज चढला की एक बाजू गप्प होते. वीज बंद करून, प्लग काढून त्या ओढून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत बसवा. हरवल्या असतील तर दोन आखूड आरसीए केबली चालतात. अ‍ॅम्प चालू असताना मात्र त्यांना हात लावू नका. स्पीकरमधून जो दणका येतो तो वूफरला सोसेलच असं नाही.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती आवाजाच्या बटणाची: 'जरा फिरवलं की घर दणाणतं, आणि अगदी हळू ठेवलं तर डावीकडूनच ऐकू येतं.' इथे काहीही बिघडलेलं नाही. जुन्या अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीने वाजायला १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात, आणि सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) देतो २ व्होल्ट. म्हणजे २० डीबीहून (डेसिबलहून) थोडं जास्तच. मग बटण आठ-नऊच्या काट्यापलीकडे नेताच येत नाही. बटणामागच्या पोटेन्शिओमीटरच्या (यालाच 'पॉट' म्हणतात) डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन पट्ट्या एकमेकींशी सर्वांत कमी जुळतात त्या नेमक्या याच टोकाला. बदली पॉट आणलात तरी दुखणं बहुधा तेच राहील. उपाय अ‍ॅम्पच्या बाहेर आहे: प्रत्येक चॅनेलच्या मधल्या तारेत ६.८ किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या अ‍ॅम्पकडच्या टोकापासून ग्राउंडला ३.३ किलोओहमचा. पाव वॅटचे, १ टक्का अचूकतेचे मेटल फिल्म घ्या. आवाज साधारण १० डीबीने उतरतो, बटण वर सरकतं आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. हे सगळं अ‍ॅम्पकडच्या प्लगजवळ बसवा, म्हणजे लांब केबलचा त्रास होत नाही. टर्नटेबलच्या 'फोनो' इनपुटला हे लावायचं नाही.

बटण फिरवताना खरखर येत असेल, तर ती घाण. प्लास्टिकला चालणारा, वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा आत मारून बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. (दाराच्या बिजागरीचा स्प्रे तिथे नको.) साफ करूनही सगळ्या फेऱ्यात सारखीच खरखर राहिली, तर पॉटवर डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) येतोय का ते मल्टिमीटरने मोजा. येत असेल तर डीसी अडवणारा आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. पॉट बिचारा निर्दोष असतो.

आता खरा बिघाड, जो लोक खोड समजून वर्षानुवर्षं सहन करतात. हळू आवाजात एक बाजू क्षीण होते, फाटल्यासारखी वाजते, आणि आवाज मोठा केला की एकदम ताळ्यावर येते. दोन्ही स्पीकरच्या तारा आपसांत बदला. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर गुन्हेगार स्पीकर नाही. मग संशय स्पीकर रिलेवर, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामधल्या विजेने चालणाऱ्या स्विचवर. चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' होतं, तोच हा. त्याच्या संपर्कांवर थर चढला की थोडा करंट त्यातून जात नाही, जास्त करंट मात्र तो थर फोडून जातो. पॉलिश पेपरने घासू नका, संपर्कांवरचा मुलामा निघून जातो आणि दुखणं लवकर परततं. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढली तर काही दिवस निभतं. खरा उपाय नवा रिले: कॉइलचं व्होल्टेज तेच (पुष्कळदा २४ व्होल्ट डीसी), पायांची मांडणी तीच, संपर्कांची क्षमता तेवढी किंवा जास्त.

'टक्' होतच नसेल तर रिलेला तार लावून बायपास करण्याचा मोह टाळा. रिलेच्या आधी डीसी मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट असले तर चिंता नाही. आकडा व्होल्टांत आला तर रिले तुमचे वूफर वाचवतोय, आणि दोष आउटपुट ट्रान्झिस्टरांकडे शोधायचा.

काही खोड्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. 'नेम' (Naim) या ब्रिटिश कंपनीच्या कित्येक पॉवर अ‍ॅम्पमध्ये आउटपुटला कॉइल नाही. स्पीकरची तार कॉइलचं ते काम, म्हणजे तेवढं इंडक्टन्स, देईल असा हिशेब आहे, म्हणून प्रत्येक बाजूला किमान ३.५ मीटर तार लागते. स्पीकर शेजारी आहे म्हणून ती कापायची नाही, आणि जास्त कपॅसिटन्सची, गुंफलेली महागडी तार तर नकोच. नाहीतर अ‍ॅम्प ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरायला लागतो आणि विनाकारण तापतो.

लिन एलपी१२सारख्या स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलचंही तसंच. लाकडी जमिनीवर कोणी चाललं की सुई उडते, म्हणून लोक खाली जड फरशी ठेवतात. त्याने फरक पडत नाही, कारण फरशीही जमिनीबरोबरच हलते. भिंतीला ठोकलेली हलकी, ताठ फळी ठेवा. आणि चकतीवरचा मॅट बदलून जास्त वजनाचा घातलात, तर स्प्रिंगा पुन्हा जुळवा: चकती हलकेच दाबून सोडली की ती सरळ वर-खाली झुलायला हवी, एका बाजूला डोलायला नको.