उखळाची उत्तर

शेंगाचटणी मिक्सरमध्ये केली की तिचं पीठ होतं, उखळात कुटली की तेल सुटतं. सोलापुरात यावर वाद घालत नाहीत. म्हणून आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही आजीचं काळ्या दगडाचं उखळ आहे. आतून गुळगुळीत, बाहेरून टाकीचे घाव अजून दिसतात.

रविवारी शेंगदाणे-लसूण कुटता कुटता मी लेकीला म्हटलं, "या दगडाला उत्तर दिशा माहीत आहे." तिने लगेच मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. काटा वळला गॅसच्या टाकीकडे!

पण दगडाचं खरं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, आपला काळा दगड त्याचाच. तेव्हा हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. लाव्हा निवत 580 अंशांच्या खाली आला की त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेला धरून बसतात. गंमत अशी, की दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग उलट्या काळातला आहे. तेव्हा होकायंत्र असतं, तर काटा दक्षिणेला गेला असता.

असे उलटे दगड 1906 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रून यांना फ्रान्समध्ये सापडले. याचं कारण आपल्या पायाखाली 2900 किलोमीटरवर आहे. तिथे वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यातूनच पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं आणि कधीतरी त्याची दिशा फिरते. शेवटची अदलाबदल सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची. वेळापत्रक नाही: डायनासोरांच्या काळात एकदा जवळजवळ 4 कोटी वर्षं काहीच फिरलं नव्हतं. आणि फिरतं तेही एका रात्रीत नाही, हजारो वर्षं लागतात. तेवढा काळ चुंबकत्व क्षीण होतं, पण संपत नाही. (मोबाइलवर 'उद्या ध्रुव उलटणार' म्हणून पाठवणाऱ्या काकांना हे सांगून पाहिलं. त्यांनी हात जोडलेला इमोजी धाडला.)

"मग आपलं उखळ उलटं की सुलटं?" लेकीने विचारलं.

इथेच घोडं अडतं. अभ्यासक दगड काढण्याआधी तो जागेवर कसा बसलाय, याची खूण त्यावर करतात. ती खूण नसेल, तर दगडाला आठवण असूनही साक्ष देता येत नाही. आमचं उखळ घडवणाऱ्या पाथरवटाने चांगला दगड पाहिला, दिशा कशाला लिहून ठेवेल?

"झालं का कुटून?" आई आतून म्हणाली. "झालं असेल तर जरा सरकव ते, खालचं झाडायचंय."

मी उखळ सरकवलं. सरकवताना फिरलंही थोडं.