उपवासातली कावीळ

दसऱ्यानंतर एक तिशीतला तरुण जाडजूड फाइल घेऊन माझ्याकडे आला. नव्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले पिवळे रंगद्रव्य, वाढून ३.४ निघाले होते आणि ‘कावीळ’ असा शेरा पडल्यामुळे रुजू होणे लांबणीवर पडले होते. अशी कावीळ त्याला कॉलेजपासून अधूनमधून होत असे. दर वेळी तेल-तूप आणि हळद बंद, उसाचा रस सुरू, आणि एकदा तर गावी नेऊन ती ‘उतरवून’ही झाली होती. फाइलमध्ये मात्र एसजीपीटी ही यकृताची तपासणी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी सगळे व्यवस्थित होते; वाढलेले होते ते केवळ इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेले, बिलिरुबिन. रक्त कधी दिले होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “अष्टमीला. नऊ दिवसांचे उपवास असतात माझे.”

हा गिल्बर्ट सिंड्रोम असावा, हे तिथेच लक्षात आले. बिलिरुबिनचा निचरा सुकर करणारे एन्झाइम ज्या यूजीटी१ए१ जनुकावरून बनते, त्याच्या सुरुवातीच्या भागात ‘टीए’ ही अक्षरजोडी सहसा सहा वेळा येते. आईवडील दोघांकडूनही सात वेळा आलेली प्रत मिळाली, तर एन्झाइमचे काम नेहमीच्या सुमारे तीस टक्क्यांवर येते. हा फरक इतका सर्रास आढळतो की त्याला आजार म्हणणे मला जिवावर येते. उपाशी राहिल्यावर डोळे पिवळसर होतात, यकृताला इजा होत नाही. जनुकीय चाचणीत दोन्ही प्रती सातच्या निघाल्या आणि मी नोकरीसाठी तसा दाखला लिहून दिला.

अहवाल न्यायला तो वडिलांना घेऊन आला. त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता आणि पुढच्या आठवड्यात इरिनोटेकॅन हे केमोथेरपीचे औषध सुरू होणार होते. हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे कामही त्याच एन्झाइमकडे असते. ते मंद असेल तर पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणूनच अमेरिकेत २००५ पासून या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना आहे. मुलाच्या दोन्ही प्रती सातच्या, म्हणजे वडिलांकडे निदान एक असणारच. “एकादशीला माझेही डोळे पिवळे व्हायचे, डॉक्टर,” ते सहज बोलून गेले. मी तिथूनच त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला. चाचणीत त्यांच्याही दोन्ही प्रती सातच्या निघाल्या. तज्ज्ञांनी पहिला डोस कमी करून दिला आणि पेशी टिकून आहेत हे पाहून पुढचा थोडा वाढवला.