तुम्ही विचारलंत म्हणून: विमानं बघायला एवढ्या लांब कशाला?

हा प्रश्न मला लोकांनी सोलापुरात सात रस्ता चौकात विचारलाय, दोन लग्नांत विचारलाय, एका दहाव्याला विचारलाय आणि परवा तर न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा ठेवून विचारला. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दा तोच. की पोरगी अमेरिकेत मिलवॉकीला असते, तिला भेटायला जा, नातवाला खेळव, चार ठिकाणं बघ, पण ते ऑशकॉश का काय त्या गावाला जाऊन तंबू ठोकून विमानं बघत बसायचं हे काय खूळ? आमचा एक जुना दोस्त तर तोंडावरच म्हणतो, "काय बे, विमानात बसून विमानं बघायला जातं का कोण?"

आता इतक्यांनी विचारलंय तर एकदाच सविस्तर सांगून टाकतो, पुढं कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी माझी लायकी सांगतो. मी पायलट नाही, इंजिनियर नाही, इंग्रजी कामापुरतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांतून जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून पस्तीस वर्षं काढली, चादरीचे माग, टॉवेलचे माग, वरचं नक्षी विणणारं जकार्ड, सगळं उघडून परत बसवलंय. विमानाशी संबंध म्हणाल तर लहानपणी होटगी रोडला सायकल मारत जायचं आणि विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभं राहायचं एवढाच, आणि त्यातही काहीच न दिसता घरी परतलो असेच दिवस जास्त. सोलापूरच्या विमानतळाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, मध्ये थोडे दिवस मुंबईचं विमान आलं, बंद पडलं, मग विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, मग २०२३ च्या जूनमध्ये ती चिमणी पाडली, आणि गोव्याचं विमान सुरू व्हायला २०२५ चा जून उजाडला. मी तिकडं पहिल्यांदा गेलो २०१९ ला. तेव्हा आपल्या गावात एकही प्रवासी विमान येत नव्हतं आणि मी मात्र आठवडाभरात दहा हजार विमानं जिथं जमतात तिथं निघालो होतो, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं.

हो, दहा हजारच, शून्य चुकून जास्त पडलेलं नाही. ऑशकॉश हे विस्कॉन्सिन राज्यातलं विनेबागो नावाच्या अवाढव्य तळ्याच्या काठचं गाव, वस्ती आपल्या पंढरपूरहून कमी, आणि पंढरपूरसारखंच एरवी आपल्या नादात, एका आठवड्यात फुगणारं. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या माणसानं १९५३ ला मिलवॉकीत घरच्या घरी विमानं बांधणाऱ्या लोकांची एक संघटना काढली, त्यांचा वर्षाचा मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो, जुलैच्या शेवटाला, सोमवार ते रविवार. २०२५ ला ७ लाखांवर लोक आले होते. (लहान पोरांची ती ऑशकॉश बगॉश नावाची डंगरी माहितीय ना, ती कंपनीही याच गावात १८९५ ला निघाली, कामगारांच्या कपड्यांची. म्हणजे गाव कापडाचंही आहे, मला उगीचच बरं वाटलं.)

आमची ही पहिल्यांदा आली तेव्हा गेटातून आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "अहो, हा तर गड्डाच की." आणि खरंच, सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर जे जे असतं ते सगळं तिथं आहे, खाण्याचे स्टॉल, हरवलेली पोरं, पायाचे तुकडे पडलेली म्हातारी माणसं, टोप्या विकणारे, आणि बुधवारी आणि शनिवारी रात्री तर चक्क दारूकाम, तेही असं की विमानांच्या पंखांना फुलबाज्या बांधलेल्या आणि ती विमानं अंधारात गिरक्या घेतायत. फरक एवढाच की तिथं जुलैत साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळं रात्रीच्या कार्यक्रमासाठी नातवाला जागं ठेवणं हा वेगळाच कार्यक्रम.

दुपारच्या कसरतींबद्दल माझं मत सांगितलं की लोक चिडतात. उलटं उडणं, धूर सोडत सरळ वर जाणं, दुसऱ्या महायुद्धातली मस्टँग विमानं, लढाऊ जेट डोक्यावरून गेलं की छातीत धडधड, पहिल्या दिवशी तोंड उघडं राहतं. तिसऱ्या दिवशी मी घोंगडीवर आडवा होऊन झोपलो होतो, जेटसुद्धा मला उठवू शकलं नाही. कसरती बघायच्या तर बंगळूरला जा, एरो इंडिया असतो दर दोन वर्षांनी, उद्यान एक्स्प्रेसनं रात्रीत पोचता. मी गेलोय एकदा. आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरणवाल्यांची एकत्र उड्डाणं कुणापेक्षा कमी नाहीत. पण तो संरक्षण खात्याचा बाजार आहे, मोठे करार, मोठे साहेब, आणि आपण दोरीच्या अलीकडं. होटगी रोडचं कुंपण परत नाकाला लागलं म्हणा ना.

ऑशकॉशला मजा येते ती विमानं येताना. मेळा सुरू व्हायच्या आदल्या दोन दिवसांत देशभरातून लहान लहान विमानं निघतात आणि सगळी एकाच रांगेत येतात. रिपन नावाच्या गावावर जमायचं, तिथून रेल्वेच्या रुळांवरनं एकामागं एक, मध्ये अर्धा मैल अंतर ठेवून, वेग ९० नॉट (ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास), उंची १८०० फूट, फिस्क नावाच्या वस्तीपर्यंत यायचं. फिस्कला शेताच्या कडेला गुलाबी टीशर्ट घातलेले कंट्रोलर दुर्बीण लावून जमिनीवर बसलेले असतात. आणि पायलटनं रेडिओवर बोलायचंच नाही! नुसतं ऐकायचं. खालचा माणूस रंगावरनं हाक मारतो, की ए पांढऱ्या, खालच्या पंखवाल्या, पंख हलव, आणि विमान पंख हलवतं, म्हणजे ऐकू आलं. मग तो सांगतो अमुक धावपट्टीला जा. धावपट्टीवर रंगीत मोठे ठिपके काढलेले, हिरव्यावर तू उतर, नारंगीवर तू, म्हणजे एकाच पट्टीवर एका वेळी दोन-तीन विमानं पुढंमागं उतरतात. त्या आठवड्यात तिथला टॉवर जगातला सगळ्यात बिझी असतो असं म्हणतात ते काय उगीच नाही. पोरीनं फोनवर कंट्रोलरचा आवाज लावून दिला होता, मला अर्धं कळत नव्हतं, पण मी दोन तास उन्हात उभा. वाखरीला पालख्या येताना बघत उभं राहतो ना आपण, कुठली आली, कुणाची आली, अजून कोण यायचंय, तसं. मानेची कातडी सोलली ती वेगळी.

२०१९ ला तर सुरुवातीलाच धो धो पाऊस. मैदानात नुसता चिखल, विमानं कुठं उभी करायची हाच प्रश्न, पोरीची गाडी रुतली आणि ती ढकलायला जे चार जण आले त्यातला एक जण निवृत्त एअरलाइन कॅप्टन निघाला, हाफ पँटवर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तो तिथं कचऱ्याच्या पिशव्या बदलायचं काम करत होता, स्वयंसेवक म्हणून. असे हजारो असतात.

विमानात बसायला मिळतं का, हाही तुमचा प्रश्न असतोच. मिळतं, पैसे भरून. मी १९२९ च्या फोर्ड ट्रायमोटरमध्ये बसलो, अंगाला पन्हाळी पत्रा, आपल्या एमआयडीसीतल्या शेडला असतो तसाच दिसणारा, आत आवाजही शेडमधलाच. माग चालू असलेल्या शेडमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला कानात बोळे घालायची गरज पडली नाही.

आता मूळ कारणावर येतो. मेळ्यात एक भाग घरी बांधलेल्या विमानांचा. गॅरेजमध्ये, बायकोच्या शिव्या खात, पाच वर्षं, दहा वर्षं खपून बांधलेली. तिकडचा नियम असा की निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतःच्या हातानं केलेलं पाहिजे. आपल्याकडं कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत लोकांनी ते बघितलं आणि २०१७ ला त्याची रीतसर नोंदणी झाली, ही बातमी आली तेव्हा आमच्या शेडमध्ये आठवडाभर तोच विषय. तिथं असे यादव रांगेनं उभे असतात, आणि खुर्ची टाकून आपापल्या विमानाशेजारी बसलेले असतात, या, बघा, विचारा म्हणून.

आणि तिथं शिकवतातही. पत्रा ठोकणं, वेल्डिंग, लाकूडकाम. एका तंबूत मी गेलो तर टेबलावर पंखाचा सांगाडा आणि त्यावर माणसं कापड चढवत होती. कापड! जुनी विमानं बरीचशी कापडाचीच, आधी लिनन आणि सुती वापरायचे, आता पॉलिस्टर. मी खिशातली पीक ग्लास काढली (धागे मोजायची काच, जॉबरच्या खिशात असतेच, सवय) आणि टेबलावरच्या तुकड्यावर ठेवून वाकलो, तर शिकवणारा माणूस शिकवायचं थांबून माझ्याकडंच बघायला लागला.

त्यानं जे दाखवलं ते ऐका. कापड सांगाड्याला चिकटवतात, थोडं ढिलंच, सुरकुत्या दिसतात. मग साधी इस्त्री घेतात, तिचं तापमान मात्र थर्मामीटरनं तपासलेलं, आधी १२० अंशांच्या आसपास आणि शेवटी १७५ च्या आसपास, आणि इस्त्री फिरली की कापड आकसतं, सुरकुती जाते, टिचकी मारली की हलगीसारखं वाजतं. आता आमच्या धंद्यात माल आकसला म्हणजे काय होतं माहितीय का? पार्टी फोन करते, लॉट परत पाठवते, पैसे कापते. अख्खं आयुष्य श्रिंकेजच्या शिव्या खाल्ल्या आणि इथं माणसं मुद्दाम हीट सेट न केलेलं, म्हणजे उष्णता देऊन आधीच आकसवून न घेतलेलं, ग्रे (कोरं) कापड घेतात, का, तर ते आकसावं म्हणून! मी तिथंच हसायला लागलो, पोरीला वाटलं ऊन लागलं.

मग कापड पंखाच्या बरगड्यांना लांब सुईनं शिवतात, मेणाची दोरी, प्रत्येक टाक्याला गाठ. कारण उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापडाला वर ओढते, नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवला तर कापड फुगून सुटायचं. पंख्याचा वारा जिथं थेट लागतो तिथं टाके जवळ जवळ. त्यांनी सुई माझ्या हातात दिली. पहिली गाठ चुकली, दुसरी चुकली, तिसरी शिकवणाऱ्यानं ओढून बघितली आणि काही न बोलता पुढच्या टाक्याकडं बोट दाखवलं. जॉबरच्या भाषेत याला पास म्हणतात. बावीस टाके घातले मी. कुठल्या विमानाचा पंख होता विचारू नका, सरावाचा होता, उडणार नव्हता. तरी बावीस.

तर लोकहो, ह्यासाठी जातो.

पैशाचं म्हणाल तर तिकीट पोरगी काढते, राहायला तंबू, जेवायला घरनं नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांना आत जायला फुकट, म्हणजे नातवाचंही काही लागत नाही. कुणाला जायचं असेल तर बूट घाला, सँडल नको, टोपी न्या आणि रात्री गारठा पडतो हे ध्यानात ठेवा, जुलै असला तरी.

त्या गारठ्यासाठी मी २०२५ ला घरनं चादर नेली होती, आपली जाड, मोरवाली. सकाळी ती खांद्यावर घेऊन जुन्या विमानांच्या रांगांतून फिरत होतो, तिथं लोक पंखाखालीच तंबू ठोकून राहतात, चहा करतात. एका पायपर पेसरखाली नेब्रास्काहून आलेला म्हातारा बसलेला, विमान कापडाचं, सत्तर वर्षं जुनं, कापड त्यानं स्वतः बदललेलं. मी विचारून त्याच्या पंखावरनं हात फिरवला. त्यानं न विचारताच माझ्या चादरीवरनं हात फिरवला. मग चादर उलटी करून बघितली, मागच्या बाजूला रंग उलटे कसे आले म्हणून. मी पीक ग्लास दिली. तो चष्मा कपाळावर सरकवून ओठ हलवत धागे मोजत बसला, आणि मान वर करून पहिला प्रश्न काय विचारावा, तर धुतल्यावर आकसते का?

म्हटलं, पहिल्या पाण्यात, थोडी.

ती चादर आता नेब्रास्कात आहे. जोडीतली होती, पोरीच्या लग्नातली, दुसरी कपाटात वरच्या फळीवर आहे आणि ही अजून पहिली शोधतेय.