हरणीचं ग्राउंडवर्क: पोळ्यापासून येळवशीपर्यंत

माझी घोडी हरणी दोन दाती झाली, म्हणजे मधले दुधाचे दात पडून पक्के आले, अडीच वर्षं धरा. आता आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) येणारा-जाणारा प्रत्येकजण एकच विचारतोय, "बसायलास का नाही अजून?" नाही बसायलो. चार दाती होईपर्यंत पाठीवर वजन टाकायचं नाही असं ठरवूनच टाकलंय, कारण पायाची हाडं लवकर भरतात पण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच वर्षं किंवा जास्तच लागतात आणि आपण नेमकं तिथंच बसतो. तोवर जे काही करायचं ते जमिनीवरून. आणि खरं सांगू का, मला आता त्यातच जास्त मजा यायलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हरणी कुमैत, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी, कपाळावर छोटा टिळा, कान टोकाला आत वळलेले, म्हणजे मारवाडी-काठेवाडीचं रक्त कुठंतरी आहे, बाकी आपलं गावरान. देवमण आहे का, भोवरा कुठं आहे (केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघतात ते) हे कुणी विचारू नका, मी ते बघून घेतलेलीच नाही.

सामान एकदम साधं. सुती दोराची गाठी मारलेली मोरकी (तोंडावर चढवायची दोरी) आणि बारा फुटाचा जाड सुती कासरा, बस. नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो पण घोडी एकदा झटकली की तळहाताची साल निघते. आणि कासरा हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही, घड्या करून मुठीत धरायचा. आपल्याकडं बैलाचा कासरा मनगटाला वेढा मारून धरायची सवय असते लोकांना, घोड्याच्या बाबतीत ती सवय बोटं तोडणारी आहे.

बैलाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेतो. मराठवाड्यात घोडं हाताळणाऱ्या बहुतेकांचा हात आधी बैलावर बसलेला असतो. बैलाला वेसण असते, माणूस मागून हाकतो, बैल ओढून धरतो किंवा अंग टाकून देतो. घोड्याचं तसं नाही, घोडं भ्यालं की पहिलं पळतं, विचार नंतर करतं. शिकार होणारं जनावर आहे ते, डोळे दोन्ही बाजूला, जवळपास सगळं रान एका वेळी दिसतं, फक्त नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागं दिसत नाही. आता आपण काय करतो, समोरून जाऊन तोंडावर हात फिरवतो नाहीतर मागून पुठ्ठ्यावर (शेपटीजवळच्या मागच्या भागावर) थाप मारतो, म्हणजे बरोबर त्या दोन आंधळ्या जागा. मग म्हणायचं घोडी नाठाळ आहे.

म्हणून पहिलं काम: खांद्याच्या बाजूनं जायचं, मानेचा शेवट आणि पाठीची सुरुवात जिथं उंचवटा असतो तिथं बोटांनी खाजवायचं. घोडी आपसात हेच करतात, एकमेकींच्या त्याच जागी दातांनी खाजवत उभ्या राहतात. फ्रान्समधल्या कमार्ग घोड्यांवर 1993 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात असं मोजून दाखवलं होतं. हरणीचा खालचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की समजायचं जागा बरोबर सापडली. खरारा करायच्या आधी हे करून बघा, फरक कळेल.

पोळ्याच्या सुमारास चालण्याचं काम सुरू केलं. मी तिच्या खांद्याजवळ, कासरा ढिला, मी चाललो की ती चालणार, मी थांबलो की ती थांबणार. ऐकायला काहीच नाही वाटत पण सगळं ग्राउंडवर्क यावरच उभं आहे. ती पुढं निघाली की कासऱ्यावर हलका ताण, थांबली की त्याच क्षणी ढील. त्याच क्षणी म्हणजे त्याच क्षणी, तीन-चार सेकंदांनी नाही. घोडं ताणानं शिकत नाही, ढील मिळाल्यानं शिकतं. ढील मिळाली तेव्हा मी जे करत होते तेच बरोबर, एवढाच त्याचा हिशोब. म्हणजे तुम्ही ताण देऊन ती मान झटकत असताना कंटाळून सोडून दिलं तर तुम्ही तिला मान झटकायला शिकवलं. हे एकदा डोक्यात बसलं ना की दुसऱ्याची घोडी बघताना सुद्धा दिसायला लागतं की मालक नेमकं काय शिकवून बसलाय.

आमच्या शेजारच्या आखाड्यावर एक मामा आहेत, वरातीची घोडी पाळण्यात जन्म गेला त्यांचा. बांधावर बसून बघत होते. म्हणले, "लेकरा, घोड्याला धाक पाहिजे, तू तर हिच्यासंगं गप्पा हाणायलास." मी म्हणलं मामा, तुम्ही नुस्तं बघा. मग हरणीला मागं सरकवून दाखवलं. कासऱ्याला तिच्या छातीच्या दिशेनं बोटभर ताण, ती काहीच करत नाही, ताण तेवढाच ठेवायचा, वाढवायचा नाही, आणि तिनं नुस्तं वजन मागच्या पायावर घेतलं की सोडून द्यायचं, पाऊल उचलायची सुद्धा वाट बघायची नाही. मग उभं राहायचं, तिला विचार करू द्यायचा. पुढच्या खेपेला वजन नाही, पाऊल मागायचं. मामांनी तंबाखू मळली, बघितलं, आणि म्हणले, "हे जमतंय पण वेळ लई खातंय." ते बरोबरच आहे. वेळ खातंच.

भाद्रपदात आमच्याकडं काय असतं तुम्हाला माहीतच आहे, काळं रान, पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत आत आणि घोडीच्या खुराला शेरभर चिखल. अशात गोल फिरवणं म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण. आणि उन्हाळ्यात तेच रान भेगाळतं, पाय अडकेल एवढ्या भेगा, तेव्हा पण नाही. मी गोठ्यामागच्या मुरमाड तुकड्यावर सगळं काम करतो, जागा लहान आहे पण पाय धरून राहतो. ज्यांच्याकडं नुस्तं काळंच रान आहे त्यांनी दोन-तीन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या. गोल फिरवणं तसंही मी कमीच ठेवलंय. व्हिडिओत लोकं कोवळ्या शिंगरांना दोरावर गरागरा फिरवतात, दमवून शांत करायचं म्हणे. दमलेलं घोडं आणि शांत झालेलं घोडं वेगळं असतं, आणि छोट्या गोलात सारखं पळवलं की कोवळ्या सांध्यांवर एकाच बाजूनं भार येतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर पुठ्ठा सरकवण्यात. तिच्या बरगडीच्या बाजूला उभं राहायचं, कासऱ्यानं तोंड थोडं आपल्याकडं, आणि पुठ्ठ्याकडं बघत त्या दिशेनं अंगानं थोडं पुढं व्हायचं. नाही सरकली तर बोटानं बरगडीच्या मागं हलका दाब. अपेक्षित काय, तर आपल्या बाजूचा मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडून गेला पाहिजे. मागून गेला किंवा नुस्ता फरफटला तर ते काम अर्धं. याचा उपयोग असा की घोड्याचं सगळं इंजिन मागच्या पायात, आणि पाय आडवे पडले की पळायची ताकद तिथंच तुटते. उद्या पाठीवर बसल्यावर ही उधळली तर एका बाजूचा लगाम घेऊन थांबवायचं तेव्हा हेच कामाला येणार. डावीकडून हरणी आता नुस्त्या नजरेवर सरकायली. उजवीकडून अजून कच्ची आहे. आपण सगळं डाव्या बाजूनं करतो, बांधतो डावीकडून, चारा टाकतो डावीकडून, त्यामुळं सगळ्यांचीच घोडी उजवीकडून अनोळखी असल्यासारखी वागते. एका बाजूनं शिकवलं ते दुसऱ्या बाजूनं आपोआप येईल असं धरूच नका, पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

जीभ फिरवणं आणि चघळणं याबद्दल एक. बरेच जण म्हणतात घोडीनं तोंड चघळलं म्हणजे तिनं ऐकलं, मान्य केलं. माझं मत तसं नाही. ताण उतरताना घोडं चघळतं, म्हणजे त्याआधी ताण होता. सारखंच चघळायला लागली तर खूश होण्यापेक्षा आपण जास्त दाबतोय का ते बघा. आणि हिवाळ्याआधी मोठ्या चावऱ्या माश्या असतात तेव्हा शेपूट मारणं, पाय आपटणं याला राग समजू नका. त्या माश्या सर्रा (रक्तातल्या जंतूंचा आजार) पसरवतात तो वेगळाच विषय, ताप येऊन-जाऊन असेल, पोटाखाली-पायाला सूज असेल, घोडी खाऊन पण वाळत असेल तर ट्रेनिंग बंद आणि आधी रक्त तपासणी.

दसरा झाल्यावर आवाजाचं आणि फडफडणाऱ्या वस्तूंचं काम काढलं. युरियाची रिकामी गोणी काठीला बांधली. लोकं काय करतात, घोडीला खुंट्याला आवळून बांधतात आणि अंगावर गोणी फिरवत राहतात, ती थकून उभी राहते, मग म्हणतात भीती गेली. गेली नाही, आत दाबली, आणि एक दिवस वरातीत नवरदेवासकट बाहेर येते. मी उलटं केलं. गोणी घेऊन मी तिच्यापासून लांब चालत जातो, ती कासऱ्यावर माझ्या मागं. पळून जाणाऱ्या वस्तूची भीती नाही वाटत, उलट उत्सुकता वाटते. दोन-तीन दिवसांत नाक लांब करून गोणीचा वास घ्यायला लागली. मग मी थांबायचं, ती जवळ यायची, हुंगायची, आणि ती मागं व्हायच्या आधी मीच गोणी लांब करायची. तसंच ताडपत्री, तसंच मोटरसायकल.

हलगीचं लांबून सुरू केलं, पोरगं दोन वावरं पलीकडं वाजवणार, आम्ही इकडं आपलं मागं-पुढं सरकायचं काम करणार. कान फिरतात, डोकं वर जातं, मग खाली येतं, खाली आलं की पोरानं वाजवणं थांबवायचं. इशाऱ्याला मी रुमाल हलवतो. एका वावरापर्यंत आलोय. डीजेचा तर विषयच सोडा, तो माझ्याच छातीत धडधडतो.

पाय उचलण्याचं थोडक्यात: नालबंद यायच्या दिवशी शिकवू नका. रोज एकेक पाय, दोन सेकंद उचलायचा आणि तिनं ओढायच्या आधी आपणच खाली ठेवायचा. बाकी वेळ वाढवत नेणे.

पिकअपचं काम मात्र नाइलाजानं काढावं लागलं कारण तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला तपासणीला न्यायचं होतं. आपल्याकडं जनावर चढवायचं म्हणजे चार जण मागून ढकलणार, एकजण वरून ओढणार, एकजण शेपूट पिळणार. मी गाडी बांधाला लावली म्हणजे चढ कमी झाला, फळीवर माती आणि कडब्याची कुट्टी टाकली म्हणजे पोकळ आवाज कमी, आणि बाकी सगळं तेच जुनं: पुढं यायचा ताण, एक पाय फळीवर ठेवला की ढील. आणि महत्त्वाचं, मग तिला मीच खाली उतरवायचो, ती पळून उतरायच्या आत. चढणं येण्याआधी मागं उतरणं आलं पाहिजे, ज्या घोडीला मागं सरकता येत नाही ती गाडीत घाबरते आणि वळायला बघते. आधी पुढचे दोन पाय, उतर. मग तीन, उतर. जायच्या दिवशी ती चढली आणि गव्हाचा कोंडा खात उभी राहिली, ड्रायव्हर बिडी अर्धी टाकून आला तोवर आमचं झालं पण होतं. टिटॅनसची लस त्याच फेरीत मारून घेतली, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, आणि आपल्या आखाड्यावर गंजलेल्या खिळ्यांना तोटा नाही.

येळवशीच्या (मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या) तोंडावर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला गेलो, हरणीला न घेता. खंडोबाची यात्रा म्हणल्यावर भंडारा उधळायलाय, घोडे-उंट-गाढवं, हलग्या, सगळं एकाच माळावर. भारी भारी मारवाडी बघितले, दोन-तीन भीमथडी पण होते, छोटे, भरलेले, शांत डोळ्याचे, या तट्टांना आता स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळालीय, माझा जीव त्यांच्यातच अडकला. पण काटेरी लगामांचं पण दर्शन झालं. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965 च्या नियमांनुसार घोड्याच्या तोंडात काटे असलेला लगाम घालायला बंदी आहे, तरी विक्रीला टांगलेले होते. नाचणाऱ्या घोड्यांत काही खरंच तालावर रमलेले दिसले, आणि काहींच्या नडग्यांवर काठीचे वळ. मान वर, शेपूट दाबलेली, डोळ्यात पांढरं, तोंडाला फेस, त्याला लोकं जोश म्हणून नोटा उधळत होते. एका विकणाऱ्याला सहज विचारलं, मागं सरकवून दाखवा की. लगाम ओढला, घोड्यानं तोंड आभाळाकडं केलं आणि जागचा हलला नाही. किंमत मात्र मी इथं सांगत नाही, तुम्हाला चक्कर येईल.

पुढचं काम आता असं आहे. खोगीर नाही, आधी नुस्ता नमदा (खोगिराखालची लोकरीची गादी), आणि तो पण उजवीकडून, मुद्दाम. पट्टा सैल, दोन-चार दिवस सैलच. लांब दोन कासरे लावून मागून चालवायचं पण शिकवायचंय, त्यात ती एकटी पुढं चालायला शिकते. त्याला मुरमाचा तुकडा पुरणार नाही, हरभरा निघाल्यावर वरचं हलकं रान मोकळं होईल तेव्हा सुरू करीन, उन्हं चढायच्या आत, सकाळी पंधरा-वीस मिनिटं. ज्यांनी दोन कासऱ्यांवर कोवळी घोडी चालवलीय त्यांनी एवढं सांगा, कासरा मागच्या पायाला लागला की उधळू नये म्हणून तुम्ही आधी काय केलंत? मी सध्या उभ्या उभ्याच दोर पायावरून फिरवायलोय, डावा मागचा पाय मऊ झालाय, उजवा अजून उचलून धरते.