टीटीएल २५४ यायला हवा होता

पहाटेचे पावणेतीन. दुसऱ्या मजल्याचा स्विच आणि कोअर स्विच (मजले आणि सर्व्हर जोडणारा मधला स्विच) यांच्यातला दुवा बदलून दीड तास झाला होता. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क. व्हीलॅन ३० मधलं सगळं सुरळीत चालू होतं आणि व्हीलॅन २० मधल्या एकाही मशीनवरून सर्व्हर लागत नव्हता. मजला तोच, स्विच तोच, अ‍ॅक्सेस पोर्टही शेजारशेजारचे. माणसं कामावर यायला पाच-सहा तास उरले होते.

बदल काय होता ते आधी सांगतो. या दोन स्विचमध्ये पूर्वी ट्रंक होता. दोन्ही व्हीलॅन टॅग लावून एकाच केबलवरून कोअरपर्यंत यायचे आणि त्यांचे गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचे दरवाजे, कोअरवर असायचे. त्याचा फटका आम्ही एकदा खाल्ला होता. टेबलाखालच्या एका छोट्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली आणि त्या लूपने इतर मजलेही बसले. तेव्हाच ठरलं की प्रत्येक मजल्याचा लेयर टू, म्हणजे राउटिंगशिवाय थेट जोडलेला भाग, त्या मजल्यावरच संपवायचा.

म्हणून त्या रात्री दोन्ही टोकांना 'नो स्विचपोर्ट' देऊन पोर्ट राउटेड केले, म्हणजे व्हीलॅन न नेता फक्त आयपी पत्ता बघून पॅकेट पुढे पाठवणारे. कोअरला १०.१.९९.१, मजल्याला १०.१.९९.२, मास्क /३०. दोन्ही व्हीलॅनचे गेटवे मजल्याच्या स्विचवर उभे केले. पत्ते जुनेच ठेवले, म्हणजे युझरच्या मशीनवर काही बदलायला नको. 'आयपी राउटिंग' चालू केलं आणि दोन्ही स्विचमध्ये ओएसपीएफ (आपापली नेटवर्क एकमेकांना कळवायची पद्धत) लावलं. पोर्ट राउटेड झाला की व्हीलॅन त्याच्या अलीकडेच संपतो. ब्रॉडकास्ट तिथे थांबतो, एआरपीची, म्हणजे 'हा आयपी पत्ता कुणाचा?' ही हाक पलीकडे पोचत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

मजल्याच्या स्विचवरून कोअरला पिंग केला. पहिला ठिपका (उत्तर नाही) आणि पुढे चार उद्गारचिन्हं (उत्तर आलं). पहिला ठिपका एआरपीत गेला, त्याची काळजी नाही. ओएसपीएफचा शेजारी 'फुल' दाखवत होता. सर्व्हरलाही स्विचवरून पिंग लागत होता. सहकारी म्हणाला, "लिंक ठणठणीत आहे, आता फायरवॉल बघू या."

मला ते पटेना. स्विचवरून साधा पिंग केला की तो बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता घेऊन निघतो. इथे तो १०.१.९९.२ होता. हे नेटवर्क कोअरला थेट जोडलेलं, त्यामुळे उत्तर परत येणारच. युझरचा लॅपटॉप मात्र १०.१.२०.२५ या पत्त्याने बोलतो. सोर्स म्हणून व्हीलॅन २० देऊन पुन्हा पिंग केला तर पाचही ठिपके. स्विचचा स्वतःचा पिंग लागला म्हणून युझरचा लागेल, असं धरून चालणारी माणसं मी अनेक पाहिली आहेत. अशा वेळी फायरवॉलवाल्यांची रात्र विनाकारण खराब होते.

मग तपासासाठी आणलेला लॅपटॉप व्हीलॅन २० च्या पोर्टला लावला. गेटवे लागला. १०.१.९९.२ लागला. १०.१.९९.१ नाही. म्हणजे केबलचं अलीकडचं टोक लागतंय, पलीकडचं नाही, आणि तीच केबल स्विचचा स्वतःचा पिंग बिनतक्रार नेतेय. अशा वेळी एसएफपी (केबल ज्यात खोचतात तो मॉड्यूल) बदलून बघायला हात शिवशिवतात. पण केबलला पॅकेट कुणाच्या पत्त्याचं आहे हे कळत नसतं. पत्त्यावरून निवड होत असेल तर दोष राउटिंगमध्ये शोधायचा.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला आणि त्याच्याकडे कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद) सुरू करायला सांगितलं. लॅपटॉपची विनंती सर्व्हरपर्यंत पोचत होती. सर्व्हरचं उत्तरही निघत होतं. जायची वाट मोकळी, यायची वाट बंद. एवढं कळल्यावर निम्मं काम झालं असं वाटलं, तोच तो म्हणाला, "पण तुमचा गेटवे माझ्याकडून लागतोय की. १०.१.२०.१ ला पिंग करतोय, एकही चुकत नाही."

सर्व्हरचं पॅकेट त्या मजल्यावरच्या गेटवेपर्यंत पोचतंय, तर त्याच नेटवर्कमधल्या लॅपटॉपपर्यंत का पोचत नाही? दोन-तीन मिनिटं मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. मग म्हटलं, "आउटपुट आहे तसं पाठव."

चार ओळी आल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी टीटीएल २५५. टीटीएल हा पॅकेटवरचा आकडा, पॅकेट राउट होताना दर वेळी एकाने कमी होणारा.

सर्व्हर कोअरवरच्या व्हीलॅन १०० मध्ये बसतो. मजल्याच्या स्विचने उत्तर दिलं असतं, तर ते २५५ ने निघालं असतं आणि कोअरने ते राउट करताना एक वजा होऊन सर्व्हरला २५४ दिसला असता. २५५ याचा अर्थ वाटेत कुणीच राउट केलेलं नाही. उत्तर देणारा कोअर स्वतःच होता. १०.१.२०.१ हा पत्ता आता दोन ठिकाणी जिवंत होता आणि मधल्या राउटेड दुव्यामुळे डुप्लिकेट पत्त्याची तक्रार करायला कुणी कुणाला दिसत नव्हतं.

कोअरवर 'शो आयपी राउट १०.१.२०.२५' दिलं. उत्तर आलं: कनेक्टेड, व्हाया व्हीलॅन २०.

योजना माझी होती आणि तीत मी लिहिलं होतं की ट्रंक काढला की कोअरवरचे दोन्ही जुने एसव्हीआय (व्हीलॅनचा गेटवे पत्ता धरणारे इंटरफेस) आपोआप खाली जातील. ऑटोस्टेटचा नियम तसाच आहे. व्हीलॅनमधला शेवटचा चालू पोर्ट गेला की एसव्हीआय डाउन होतो आणि त्याचा कनेक्टेड राउट टेबलातून निघतो. व्हीलॅन ३० चं नेमकं तेच झालं. पण नियमाची दुसरी बाजू अशी की एक जरी पोर्ट चालू राहिला, तरी एसव्हीआय वरच राहतो. 'शो व्हीलॅन ब्रीफ' मध्ये व्हीलॅन २० पुढे एकच नाव होतं: गिगाबिट १/०/४७.

रॅकपाशी जाऊन ती केबल हाताने माग काढत खाली नेली. बारीक, पांढरी, लेबल नसलेली. इतर केबलींच्या जुडग्यामागून ती तळातल्या यूपीएसच्या मागच्या बाजूला गेली होती. तिथे यूपीएसचं नेटवर्क कार्ड होतं आणि त्यावर नखाएवढा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या एका दिव्यामुळे कोअरला वाटत होतं की व्हीलॅन २० आपल्याच घरात आहे.

आणि असं वाटल्यावर ओएसपीएफचं तो ऐकणारच नाही. ज्याचं अंतर कमी तो राउट जिंकतो: कनेक्टेड राउटचं अंतर शून्य, स्टॅटिकचं एक, ओएसपीएफचं ११०. मजल्याच्या स्विचने १०.१.२०.०/२४ ची माहिती इमानदारीत पाठवली होती. ती ओएसपीएफच्या डेटाबेसमध्ये दिसत होती, राउटिंग टेबलात मात्र तिला जागा मिळाली नव्हती. सर्व्हरचं उत्तर कोअरपर्यंत येई, कोअर त्याच्या त्या एका पोर्टवर १०.१.२०.२५ च्या नावाने एआरपीची हाक मारी आणि तिथे ऐकायला फक्त यूपीएस. एआरपी टेबलात लॅपटॉपपुढे 'इन्कम्प्लिट' लिहिलेलं, यूपीएसपुढे पूर्ण मॅक (हार्डवेअरचा) पत्ता. लॅपटॉप त्या रात्री नव्याने जोडला होता म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं. सिस्कोच्या स्विचवर एआरपीची नोंद मुळात चार तास टिकते. एखाद्या जुन्या मशीनवरून तपासलं असतं तर कोअरकडे त्याचा मॅक पत्ता नीट दिसला असता आणि आम्ही आणखी भरकटलो असतो.

कोअरवरच्या व्हीलॅन २० च्या इंटरफेसला 'शटडाउन' दिलं. राउटपुढचा 'सी' (कनेक्टेड) जाऊन 'ओ' (ओएसपीएफ) आला, पुढचा हॉप १०.१.९९.२. लॅपटॉपवर मघापासून चालू ठेवलेल्या पिंगला उत्तरं येऊ लागली. फोनवरून आवाज आला, "आता २५४ येतोय."

यूपीएसच्या कार्डाचा संपर्क अर्थातच तुटला. ते जुन्या नेटवर्कमध्ये ठेवता येणार नव्हतं, कारण राउटेड दुव्याच्या दोन्ही बाजूंना एकच सबनेट नांदत नाही. त्याला मॅनेजमेंटच्या व्हीलॅनमधला पत्ता दिला, पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये टाकला, मॉनिटरिंगमधली नोंद बदलली आणि केबलला दोन्ही टोकांना लेबल चिकटवलं. कोअरवरचे २० आणि ३० चे एसव्हीआय कॉन्फिगरेशनमधून काढूनच टाकले.

तिसऱ्या मजल्याच्या योजनेत आता पहिली पायरी 'कोअरवर त्या व्हीलॅनमध्ये आणखी कोणते पोर्ट चालू आहेत ते बघा' ही आहे आणि दुसरी 'एसव्हीआय हाताने बंद करा'. ट्रंकला हात त्यानंतर लावायचा. पहिली पायरी मी कालच करून पाहिली. तिसऱ्या मजल्याच्या व्हीलॅनमध्येही कोअरवर दोन पोर्ट निघाले. त्यातल्या एकाच्या पलीकडे काय आहे, हे अजून शोधतो आहे.