पियानो पोरीला खातो तो पिक्चर

रात्रीचे पावणेदोन. आज तिसऱ्यांदा 'हाऊस' बघितला, नोबुहिको ओबायाशीचा, 1977 चा जपानी. कशावर आहे विचारलं की दर वेळी माझी गोची होते. सात मैत्रिणी सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि घर त्यांना एकेक करून खातं, एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो अच्छा, हॉरर, मग मी म्हणते हो पण गाणी आहेत, कुंगफू आहे, मध्येच कार्टून, आणि मागचं आकाश रंगवलेलं आहे नि ते रंगवलेलंच दिसावं अशी सोय केलीये... तोवर त्याने मोबाईल काढलेला असतो.

पियानोचा सीन आज दोनदा मागे घेऊन बघितला. मेलडी नावाची पोरगी मस्त वाजवतेय, पियानो तिची बोटं खातो, मग हळूहळू तिलाच, आणि तुटलेली बोटं पट्ट्यांवर वाजवतच राहतात!! इफेक्ट इतका उघड खोटा की हसू येतं, आणि हसता हसता मी स्वतःची बोटं मुठीत घेतली होती.

'जॉज' हा शार्कचा पिक्चर हिट झाल्यावर तोहो स्टुडिओला तसलंच काहीतरी हवं होतं. ओबायाशी तेव्हा जाहिराती करायचा, त्याने आयडिया विचारली स्वतःच्या शाळकरी लेकीला, चिगुमीला. तिने आपल्या भीत्या सांगितल्या: आरशातली मीच मला खाईन, गाद्यांचा ढीग अंगावर पडेल, पियानोत बोटं अडकतील. कुठल्याही मोठ्या माणसाने शार्क काढून अस्वल घातलं असतं. पोरांना हॉरर वेगळा, कॉमेडी वेगळी हे माहीतच नसतं ना, म्हणून इथे काही 'मिक्स' केल्यासारखं वाटतच नाही.

शेवटची वीस मिनिटं जरा ताणलीयेत, ते मांजराचं रक्त वगैरे, असो.

पण आज डोक्यात राहिली ती मावशी. लढाईवर गेलेल्या नवऱ्या मुलाची वाट बघत बसलेली, तो परत आलाच नाही, नि ती मेल्यावरही थांबलीच. तिची ही गोष्ट जुन्या मूकपटासारखी दाखवलीये आणि पोरी वरून कॉमेंटरी करतायत. मध्येच अणुबॉम्बचा ढग येतो. एक पोरगी म्हणते, कॉटन कँडीसारखा दिसतोय. ओबायाशी हिरोशिमा जिल्ह्यातल्या ओनोमिचीचा, त्याचे लहानपणीचे दोस्त त्या बॉम्बने गेले. पहिल्या वेळी या वाक्याला मी फिस्सकन हसले होते.