पावसाळ्यातले सरखेल

जूनच्या पहिल्या आठवड्यात अलिबागला गेलो की किनाऱ्यावर जाण्याआधी मी कोळीवाड्यात एक चक्कर मारतो. मासेमारी तेव्हा नुकतीच बंद झालेली असते, होड्या ओंडक्यांवरून ओढून वर घेतलेल्या असतात आणि त्यांच्यावर ताडपत्री किंवा नारळाची झापे टाकलेली असतात. यंदा एका लाकडी होडीच्या बुडाशी बसून एक वयस्कर तांडेल फळ्यांच्या सांधीत कापूस ठासत होते. बोथट छिन्नी सांधीवर धरायची, लाकडी हातोडीने बेताचा ठोका द्यायचा, मग सांधीवरून बोट फिरवायचे आणि बोटाला कोठे पोकळी लागली तर पुन्हा ठोकायचे, असे ते चालले होते. अर्ध्या तासात काम जेमतेम दीड हात पुढे सरकले. एवढा वेळ लागतो का, असे मी विचारले, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "केसाएवढी फट राहिली तरी पाणी वाट काढतं, भाऊ."

मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे सेनापती, कान्होजी आंग्रे यांच्यावर लिहायचे कित्येक दिवस मनात होते. सुरुवात कोठून करावी, हे मला त्या होडीपाशी कळले. आरमाराचा सेनापती म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जहाजावर उभा राहून हुकूम सोडणारा वीर येतो. तो क्षण खोटा नाही, परंतु शिडांच्या काळात कोकण किनाऱ्यावर भर पावसाळ्यात समुद्र बंदच असे. मे महिना सरला की नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर चालून येतो, आणि वाऱ्यावरच चालणारे जहाज अशा वेळी किनाऱ्याच्या जवळ सापडले तर ते खडकावर आपटल्यावाचून राहत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत लढाऊ गलबते खाड्यांत आत नेऊन किंवा वर ओढून ठेवावी लागत. बुडाला चिकटलेली कालवे खरवडायची, किडीने पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, सांधी भरून त्यांवर राळ आणि तेल चढवायचे, काथ्याचे दोर वळायचे, शिडे उसवून शिवायची, आणि या सगळ्यासाठी सागवान, लोखंड, दारूगोळा आणि पैसा वेळेवर उभा करायचा. पुढच्या हंगामात आरमार तरणार की नाही, हे या पावसाळी महिन्यांत ठरत असे. कान्होजींच्या कर्तबगारीचा हा भाग आपल्या बोलण्यात फारसा येत नाही, आणि माझ्या मते तिचा पाया तोच आहे.

त्यांचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवकाळापासून आरमाराच्या चाकरीत होते आणि कान्होजींचे बालपण हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. किल्लेदार जंजिऱ्याच्या सिद्दीला फितूर झाल्याचे कळताच तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग स्वतःच्या ताब्यात घेऊन वाचवला, अशी हकिगत सांगितली जाते. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. तो काळ मराठी राज्याला अतिशय कठीण होता. मोगलांच्या फौजा सह्याद्रीत होत्या, पुढे शाहूमहाराज आणि ताराबाई यांच्यात गादीचा तंटा उभा राहिला, आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूने असल्यामुळे त्यांच्यावर चालून आलेले शाहूमहाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी लोहगडावर कैदेत टाकले. अखेर श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ, ज्यांचा कोकणाशी जन्माचा संबंध होता, शाहूमहाराजांच्या वतीने वाटाघाटीला आले आणि १७१४ च्या सुरुवातीला तह होऊन सरखेलीबरोबरच दहा जलदुर्ग आणि सोळा भुईकोट कान्होजींकडे कायम झाले. तलवार न उपसता झालेला हा तह मला त्यांच्या कोणत्याही सागरी विजयाइतकाच मोठा वाटतो, कारण पाठीशी जमीन नसेल तर आरमाराला ना लाकूड मिळते, ना तांदूळ.

आता जहाजांकडे वळू, कारण तेथे त्यांची बुद्धी सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांची मुख्य लढाऊ जहाजे म्हणजे गुराबा. दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या या जहाजांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब, निमुळती आणि पुढे झुकलेली असे, आणि मोठ्या तोफांपैकी दोन नाळेकडे तोंड करून समोर मारा करतील अशा बसवलेल्या असत. गलबते त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतली, तिकोनी शिडाची आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची. इंग्रजांच्या मोठ्या जहाजाची ताकद त्याच्या दोन्ही बगलांच्या तोफांत असे. मागच्या बाजूला ते दुबळे होते आणि वारा पडला की त्याला जागचे वळताही येत नसे. अशा वेळी वल्ही मारणारी गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या मागल्या अंगाला नेऊन उभ्या करत. तेथून आधी डोलकाठ्या आणि शिडे मोडायची, म्हणजे जहाज लंगडे होते, आणि मग चहूबाजूंनी भिडून शेकडो माणसे त्यावर चढवायची. अंगावर बेतलेच, तर कमी पाण्यावर चालणारी ही जहाजे सरळ खाडीत शिरत आणि खोल बुडाचे जहाज बाहेरच अडून राही. उघडीपीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून वाहणारी मतलई शिडात घेऊन खाडीबाहेर पडावे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने परतावे, हे येथल्या कोळी, भंडारी, गाबित खलाशांच्या अंगात मुरलेले होते. परक्या आरमाराला हा वारा नकाशात वाचता येत नव्हता.

या ताकदीच्या बळावर कान्होजींनी दस्तक मागितले. आपल्या राज्याच्या समुद्रातून व्यापारी जहाज जाणार असेल तर त्याने परवाना घ्यावा, हा पोर्तुगीजांनी दोन शतके चालवलेला रिवाज होता. तोच हक्क मराठी सरखेलाने बजावला तेव्हा त्याला चाचेगिरी म्हटले गेले. मुंबईचे व्यापारी आपल्या जहाजांवर इंग्रजी निशाण लावून दस्तक टाळू पाहत आणि कान्होजी ती जहाजे ईस्ट इंडिया कंपनीची मानायला तयार नसत, यातून बहुतेक भांडणे उद्भवली. १७१२ मध्ये तर मुंबईच्या गव्हर्नराची स्वतःची नौकाच त्यांच्या हाती लागली. पुढे १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्स यांना पाठवलेल्या पत्रात, शिवाजीमहाराजांनी स्वतःच्या बळावर चार बादशहांशी युद्धे करून हे राज्य उभे केले आहे, याची त्यांनी रोखठोक आठवण करून दिली. ज्या माणसाला इंग्रज कागदपत्रे लुटारू म्हणतात, तो एका राज्याच्या अधिकारवाणीने बोलत होता. चाचा हा शब्द आजही आपल्यातली काही माणसे सहज वापरतात, त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन मुंबईत आला आणि कान्होजींच्या किल्ल्यांवर मोहिमांची रांग लागली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला आणि फसला. तटाला लावायला आणलेल्या शिड्याच तोकड्या पडल्या. १७१८ मध्ये खांदेरी बेटावरून माघार घ्यावी लागली. १७२० मध्ये फ्रॅम नावाचा सपाट बुडाचा तरता तोफखाना खास बांधून विजयदुर्गासमोर आणला, तरी किल्ला हलला नाही. सर्वांत मोठे संकट १७२१ च्या डिसेंबरात आले. रॉयल नेव्हीची जहाजे घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज यांनी मिळून सुमारे सहा हजार माणसांनिशी अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. किल्ल्यापुढे हल्ला मोडला, एका मराठी स्वाराचा भाला खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत लागला, आणि बाजीराव पेशव्यांचे घोडदळ येऊन ठेपल्यावर पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले. सुमारे आठ वर्षांपूर्वी बाळाजींशी केलेल्या तहाचे फळ त्यांच्या मुलाच्या हातून असे पदरात पडले. १७२४ मध्ये डच आरमार विजयदुर्गावर आले, तेही हात हलवत परतले.

ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मी गेलो की महादरवाजापेक्षा तटाच्या पायथ्याशी जास्त वेळ थांबतो. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचले आहेत, मध्ये चुन्याचा लवलेश नाही, आणि सांध्यांत माझी चार बोटे सहज जातात. लाट आदळते, तिचे पाणी त्या फटींत शिरते आणि जोर जिरल्यावर खळखळत बाहेर येते, त्यामुळे तटाला धक्का बसत नाही. होडीच्या सांधीत केसाएवढी फट चालत नाही आणि तटात मुद्दाम ठेवावी लागते, ही दोन्ही शहाणपणे ज्या माणसांपाशी होती त्यांच्यात कान्होजी वाढले. किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांपाशी लोक आवडीने फोटो काढतात आणि त्या आंग्र्यांच्या असल्याचे मुलांना सांगतात. जवळून पाहिले तर त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे. कान्होजींचे मोठे स्मारक म्हणून मी मुलांना आधी तो तट दाखवतो.

नौदलाने १९५१ मध्ये मुंबईच्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिले. अलिबाग गावात त्यांची समाधी आहे. गेल्या जूनमध्ये कोळीवाड्यातून निघून मी तेथे गेलो, तेव्हा पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती आणि दगडावरून पाणी निथळत होते. कान्होजी वारले तो दिवस ४ जुलै १७२९. भर पावसाळा, समुद्र बंद. ज्या आरमारासाठी ते तीस वर्षे झिजले, ते त्या दिवशी खाड्यांत, झापांखाली, सांधी भरून घेत विसावले असणार. आणि नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा पाण्यात उतरले, ते त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी यांच्या हुकमाने.